सोडलेला चहा

तेव्हा मी सात रस्त्याजवळच्या एका कचेरीत कारकून होतो. वय बावीस, अंगात आईनं रोज धुतलेला पांढरा सदरा, आणि स्वतःविषयीचं मत फारच चांगलं. घरात आई आणि मी, दोघंच.

उपवासकाळ लागण्याआधीच्या रविवारी पाळकसाहेबांनी आमच्या ख्रिस्ती देवळात विचारलं, ईस्टरपर्यंत कोण काय सोडणार? कुणी मटण म्हणालं, कुणी पान. मटण सोडणाऱ्यांकडं एरवीही ते महिन्यातनं एकदाच शिजायचं. मला हसू आलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "चहा." दिवसाला आठ कप ढोसणारा माणूस मी. देवळात कुजबूज झाली. पाळकसाहेबांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. त्या एका नजरेसाठी मी पाणीसुद्धा सोडलं असतं.

तीन दिवस निभावले. चौथ्या दिवशी डोक्यात घण पडायला लागले. बऱ्या हॉटेलात आमच्या मंडळीतलं कुणी ना कुणी बसलेलं असायचं, म्हणून मागच्या बोळातलं एक हॉटेल गाठलं. तिथं आमच्यातलाच काय, कुणीच शहाणा माणूस पाय ठेवत नसे. मालक सगळे ग्लास दिवसभर एकाच बादलीत बुचकळायचा. ज्या फडक्यानं टेबल पुसायचा त्यानंच ग्लास आणि त्यानंच स्वतःची मान. चहावर साय नव्हे, कातडं धरायचं. ते बोटानं काढून बाकाखाली पुसायचं. माझ्याआधीच्यांनीही तिथंच पुसलेलं असायचं, ते हाताला, कधी सदऱ्याच्या बाहीला लागे. असे तीन ग्लास मी रोज प्यायलो. किळस यायची, आणि घोट उतरला की बरं वाटायचं. त्या बरं वाटण्याची किळस जास्त. मग वासासाठी तोंडात लवंग, आणि चेहऱ्यावर उपवासाचा थकवा.

दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी घरी आलो, तर आई आडवी. डोक्याला फडकं करकचून बांधलेलं, कपाळावर सुंठीचा लेप. विचारल्यावर कळलं, मी सोडल्यापासून तिनंही चहा घेतला नव्हता. तिला तर सकाळ-दुपार दोनच कप लागायचे, पण तेवढ्यावर तिचा दिवस चालायचा.

"एकटीसाठी काय आधण ठेवायचं?" ती म्हणाली.

"तू घे की. मला काय होतंय?"

"तुझ्यासमोर घोट घेऊ व्हय?"

एका वाक्याचं काम होतं. ते बोललो असतो तर आधण पाच मिनिटांत चुलीवर चढलं असतं. पण तोंडात लवंग होती, आणि देवळात अजून लोक माझ्याकडं वळून बघत होते. मी ते वाक्य गिळलं आणि तिचं डोकं चेपत बसलो. उद्यापासून खरंच बंद, असं मनाशी ठरवलं. ते दुसऱ्या दिवशी अकरा वाजेपर्यंत टिकलं. पुढं रोज हाच क्रम: दिवसा बोळात ढोसायचं, संध्याकाळी तिचं डोकं चेपायचं. शेजारणींना ती सांगे, पोरगं लई निग्रहाचं निघालं. मी आतल्या खोलीत ऐकत असायचो.

ईस्टरच्या सकाळी उपासना करून घरी आलो. आईनं आधण ठेवलं, भरपूर दूध घातलं आणि पहिला कप माझ्यापुढं सरकवला.

"पी आता घरचा," ती म्हणाली. "हाटेलातल्या चहाचे डाग लई चिवट. सदरे घासून घासून हात दुखले."

माझ्या कानशिलांतनं वाफ निघाली. विचारलं, माहीत होतं, तर मग तू का नाही घेतलास?

तिनं बशीत ओतलं, फुंकर मारली.

"देवळात उभा राहून बोललास. आपल्या घरातनं शब्द गेला म्हटल्यावर कुणीतरी पाळायला नको व्हय?"

आणि चाळीस दिवसांनी तिनं पहिला घोट घेतला, डोळे मिटून.

माझ्या कपावर साय धरत होती. काढून पुसायला इथं बाकडं नव्हतं. सायीसकट प्यायलो.