नसलेल्या बागेचं फाटक

मला लिहिण्याचा काही अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. त्यामुळे घरच्या माणसावर लिहायचं तर किती खरं सांगायचं आणि कुठे गप्प बसायचं, हे विचारायला कुणी नाही. वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, "लिही, पर मामांचं नाव घालू नको." म्हणून नाव घालत नाही. वडीलधाऱ्या माणसाची थट्टा होते आहे हे मला कळतं, वाचकांनी ते पोटात घालावं. पण लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण अख्ख्या मावळात मामांइतकी बाग वापरलेला दुसरा माणूस नसेल, आणि ती बाग तिथे नव्हती.

मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. रेल्वेत फाटकावर होते. गाडी यायच्या आधी फाटक बंद करायचं आणि गाडी गेली की उघडायचं, एवढं एकच काम त्यांनी जन्मभर केलं. पुढाऱ्याची मोटार असो की शेणखताचा ट्रॅक्टर, फाटक बंद म्हणजे बंद. त्यांच्या मुलीच्या लग्नाला त्यांना दुपारपासूनची रजा मिळाली होती आणि वऱ्हाड सकाळीच आलं. नवरदेव जीपमधून उतरून हात जोडत फाटकापाशी आला, तेव्हा मामा त्याला म्हणाले, "जावईबापू, मागं सरा. मालगाडी हाय." आत्या हा प्रसंग अजून सांगते आणि दर वेळी मालगाडी थोडी लांब करते.

निवृत्तीनंतर त्यांनी मावळातल्याच एका लहान शहरात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. शहराचं नाव लिहीत नाही, कारण ती दोघं अजून तिथेच राहतात आणि पाणी नगरपरिषद सोडते. कॉलेजसाठी मी आमच्या भाजे गावाहून त्यांच्याकडे राहायला आलो. इमारतीसमोर एक मोकळी जागा होती. तिच्यात एक जांभूळ, थोडं गवत आणि कुणाच्या तरी बांधकामातून उरलेली खडी. मामा एकदा घरपट्टी भरायला नगरपरिषदेत गेले असताना तिथल्या भिंतीवर त्यांना शहराचा विकास आराखडा दिसला. त्यात आपल्या इमारतीसमोर हिरवा चौकोन. त्यांनी बोट ठेवून विचारलं, "हितं काय हाय?" कारकून मान वर न करता म्हणाला, "बाग." सरकारी माणसानं सरकारी खुर्चीत बसून सांगितल्यावर मामांना आणखी पुरावा नको होता. ते घरी आले, चहा घेतला, पायात कापडी बूट चढवले आणि बागेत फिरायला गेले.

त्या दिवसापासून ती बाग सुरू झाली. मामा कडेकडेने गोल फिरत, कारण फिरायची वाट कडेने असते. मधल्या खडीला वळसा घालत, कारण बागेच्या मध्यभागी फुलांचा वाफा असतो. पोरांना एका कोपऱ्यात क्रिकेट खेळायची मुभा होती, पण चेंडू वाफ्यात गेला तर तो हलक्या पायांनी आणावा लागे. आठ वाजले की मामा बाग बंद करत. म्हणजे खरोखर बंद करत. रस्त्याच्या बाजूला उभे राहून दोन्ही हात पसरून एक दार ओढायचे, मग दुसरं, मग कडी घालायचे आणि ती बसली का हे एकदा हिसका देऊन बघायचे. गप्पा मारत बसलेल्यांना त्याआधी बाहेर काढत. एकदा बँकेतले एक साहेब फाटक सोडून बाजूने बाहेर पडले, तर मामांनी त्यांना थांबवलं. "कुंपणावरनं उडी मारता व्हय? शिकलेले दिसता."

सुरुवातीला लोक हसले. मी तर त्या वेळेला मुद्दाम लायब्ररीत बसून राहायचो. पण रोजच्या गोष्टीला माणूस किती दिवस हसणार? पहिल्यांदा दूधवाल्याने खडीला वळसा घातला. मग जिन्यातल्या बायका फाटकातून आत जाऊ लागल्या. नव्याने राहायला आलेल्यांना वाटलं, इथली हीच रीत असेल. मीही एकदा कॉलेजला उशीर होत असताना सरळ जायचं सोडून वाफा चुकवून गेलो आणि बसस्टॉपवर पोहोचल्यावर मला ते कळलं.

शनिवार-रविवारी मात्र मामांची परीक्षा असे. भुशी डॅमकडे निघालेल्या गाड्या हायवेवर तुंबल्या की आत वळायच्या आणि थेट बागेत येऊन थांबायच्या. लोक बॉनेटवर वडापाव मांडायचे. मामा काचेवर टकटक करायचे.

"गाडी भाईर घ्या. बागंत गाडी न्हाई चालत."

"काका, गार्डन कुठे आहे?"

"तुमच्या चाकाखाली."

बहुतेक जण हसून फोटो काढत आणि जात. एकाने मात्र खाली वाकून चाकाखाली बघितलं आणि 'सॉरी' म्हणून गाडी काढली. तो माणूस मामांना फार आवडला होता.

बागेसाठी नगरपरिषदेने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. तिने दोनदा भूमिपूजन केलं. पहिलं आमच्या नगरसेवकांनी निवडणुकीच्या आधी आणि दुसरं त्यांना पाडून आलेल्यांनी निवडणुकीच्या नंतर. दोन्ही वेळा कुदळीला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला आणि कोनशिला बसली. दोन्ही शिला अजून शेजारीशेजारी उभ्या आहेत आणि दोन्हींवर बाग एकच आहे. मामांनी त्यांच्या मधोमध फाटक धरलं. निधीचं विचारलं की नगरसेवक म्हणत, "मामा, निधी मंजूर आहे. फक्त उपलब्ध नाही." मामा समाधानाने मान हलवत. रेल्वेत त्यांची रजाही तशीच मंजूर असायची.

या सगळ्यात एका माणसाचे हाल होत होते. आत्याचे गुडघे गेले होते. जन्म शेतात गेलेला, दोन खोल्यांत तिचा जीव गुदमरायचा. संध्याकाळी कठडा धरत ती तीन मजले उतरायची आणि बागेत येऊन जांभळाला टेकून उभी राहायची, कारण बसायला काही नव्हतं. मी एकदा घरातली प्लास्टिकची खुर्ची खाली नेली. मामांनी ती फाटकावर अडवली.

"बागंत घरची खुर्ची आणत न्हाईत. उद्या लोक पलंग आणतील."

"मग मी बसू कुटं?" आत्या म्हणाली.

"बाक येतील."

"कवा?"

"बाग हाय म्हटल्यावर बाक येनारच की."

"तुमची बाग हाय, तुमचं फाटक हाय, फुलं बी हाईत. एक बाक तेवढा तुमाला दिसत न्हाई व्हय?"

वाफा मानता येतो, फाटक मानता येतं, पण नसलेल्या बाकावर माणसाला बसवता येत नाही, ही एवढी एक अडचण मामांच्या बागेत होती आणि ती नेमकी आत्याच्या वाट्याला आली होती. त्या दिवसापासून ते तिच्याशेजारी उभे राहू लागले. ती उभी आहे तोवर आपणही बसायचं नाही, असा काहीतरी नियम त्यांनी केला असावा. घरीसुद्धा ते बऱ्याचदा उभ्यानेच चहा घेत.

मग बातमी आली की जागेचं आरक्षण बदलून तिथे पर्यटकांसाठी वाहनतळ होणार. त्या रात्री जेवताना आत्या म्हणाली, "चला, निदान कुनाच्या तरी गाडीत बसायला मिळंल." पण मामांच्या ताटात अख्खी भाकरी असताना तिने दुसरी वाढली.

स्थळपाहणीला एक तरुण इंजिनीअर आला, संध्याकाळचा. तो खडीच्या दिशेने सरळ निघाला तेवढ्यात दूधवाला म्हणाला, "साहेब, फुलांतून नका जाऊ." साहेबांनी दचकून पाय मागे घेतला, खाली बघितलं आणि वळसा घातला. जिन्यातल्या एका काकूंना त्यांनी विचारलं, "इथे लोक येतात का?" काकू म्हणाल्या, "रोज येतात. फक्त आठच्या आत या, नंतर मामा फाटक लावतात." कुणी ठरवून काही बोललं नव्हतं, शपथेवर सांगतो. ज्याला जे रोजचं होतं ते तो बोलला. इतक्यात आठ झाले. मामा साहेबांजवळ गेले. "टाइम झाला, साहेब." साहेब दोन्ही शिलांच्या मधून बाहेर पडले, मामांनी कडी घातली, हिसका दिला. साहेब थोडा वेळ बाहेर उभे राहून त्या कडीकडे बघत होते.

अहवालात त्यांनी लिहिलं, की सदर जागी उद्यान अस्तित्वात असून नागरिक त्याचा नियमित वापर करतात. वाहनतळ रद्द झाला. मामांनी पेढे वाटले. पेढे संपायच्या आत नगरसेवकांनी पुढची गोष्ट सांगितली. बाग आहेच म्हटल्यावर नव्या बागेची गरज उरत नाही, म्हणून तो मंजूर निधी दुसऱ्या वॉर्डात गेला.

"झाली म्हनायची बाग," आत्या म्हणाली. "आता मरस्तवर उभीच."

मामा दुसऱ्या दिवशी नगरपरिषदेत गेले. आधार म्हणून मला बरोबर नेलं, पण मी तोंड उघडायच्या आधीच काम झालं. कारकून म्हणाला, नवीन बाक मिळणार नाहीत, जुन्या बागेला फक्त दुरुस्ती मिळते. मामा खोटं बोलत नाहीत.

"मग बाकांची दुरुस्ती करा," ते म्हणाले.

"किती मोडलेत?"

"दिसत न्हाईत इतके."

कारकुनाने ते लिहून घेतलं.

त्यानंतर मी पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला आलो. हॉस्टेलवरून फोन केला की मामा बागेची हकिकत सांगत आणि शेवटी म्हणत, "दुरुस्ती मंजूर हाय." आत्या गुडघ्यांबद्दल काही बोलायची नाही. थंडीत तिला जिना उतरणं जमेनासं झालं, हे मला वडिलांकडून कळलं.

परवा तिचाच फोन आला. म्हणाली, बाक आला. ठेकेदाराची माणसं सकाळी वेल्डिंगचं सामान घेऊन दुरुस्तीला आली, सगळीकडे फिरली, दुरुस्त करायला काही सापडेना. दुपारी गेली आणि टेम्पोतून सिमेंटचा एक नवा बाक घेऊन आली.

मी विचारलं, "मामा काय करतात?"

"बसल्यात. मीच बसवलं. म्हटलं, मला उतरता येत न्हाई तर तुमी बसा, मी खिडकीतनं बगते. लय वेळ नगं नगं म्हनत हुते." मग फोन तसाच हातात ठेवून तिने खाली हाक मारली, आणि पुण्यात मला ती स्पष्ट ऐकू आली.

"अवो, मदी नका बसू. माझी जागा सोडा."

मग फोनवर मला म्हणाली, "सरकले."