काय बुडतं, काय तरंगतं

मी तेव्हा उज्जैनच्या नानाखेड्यातल्या एका शाळेत पहिलीला शिकवत होते, तेही कच्च्या नोकरीवर. प्रिन्सिपल मॅडमनी बजावलं होतं, शुक्रवारी तुमच्या वर्गाचा सायन्सचा प्रयोग बघीन, मग पक्कं करायचं की नाही ते ठरवीन. माझं डोकं आधीच तापट. वर्गात गेले आणि बोलून बसले, "शुक्रवार को शोर किया ना, तो अगले महीने से मिस घर बैठेंगी." पोरं एकदम गप्प झाली. मग मलाच वाईट वाटलं.

प्रयोग अगदी साधा ठरवला होता. टबभर पाणी घ्यायचं आणि त्यात काय बुडतं, काय तरंगतं ते बघायचं. सगळ्यांच्या डायरीत लिहून पाठवलं, पाण्यात टाकायला घरून एकेक वस्तू द्या. मला वाटलं खोडरबर येतील, चमचे येतील, फार तर एखादी बाहुली.

अहो, हे उज्जैन आहे. क्षिप्रेकाठी जन्म काढलेल्या बायका पाण्यात टाकायला दुसरं काय देणार? शुक्रवारी तीन नारळ आले. झेंडूचे हार, सुपाऱ्या, बेलपानं, नाणी, पानाच्या द्रोणात वातीसकट दिवा. एका आजींनी तर कान तुटलेला गणपती पाठवला, सोबत चिठ्ठी, "विसर्जन ठीक से करवा दीजिएगा." खोडरबर एकही नाही. मी कपाळाला हात लावला. गणपती तेवढा चिठ्ठीसकट टेबलावर ठेवला आणि बाकी सगळं पोरांना टबात सोडायला लावलं.

तेवढ्यात मॅडम आल्या. फुलांनी भरलेला टब बघून त्यांनी सवयीनं चपला दाराशीच काढल्या. मुलं डोळे मिटून, हात जोडून रांगेत उभी. मेली कार्टी, नेमकी आजच शहाण्यासारखी वागत होती.

"ये कौन सा प्रयोग है?" मॅडमनी विचारलं.

दोन वेण्यांच्या एका मुलीनं एक डोळा उघडला. "नारियल तैरता है, सिक्का डूबता है. और हमने मन्नत माँगी है."

"क्या माँगा?"

"हमारी मिस पक्की हो जाएँ."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि रडूही आलं, खोटं कशाला बोलू. मॅडमनी पर्समधून एक नाणं काढलं, टबात टाकलं आणि ते तळाला जाईपर्यंत बघत राहिल्या.

सोमवारी पक्कं झाल्याचं पत्र हातात पडलं. खाली मॅडमनी पेनानं लिहिलं होतं, "मूर्ति का विसर्जन आप ही कीजिए."

संध्याकाळी तुटक्या कानाचा गणपती पिशवीत घालून मी घाटावर गेले. नवस पोरांनी केला होता, फेडायला मात्र मी.