‘मध्ये भेटू’ म्हणणारी विजया

सोलापुरात सात रस्ता चौकात चष्म्याच्या दुकानात बसले होते. एका डोळ्यावर झाकण होतं आणि दुकानदार म्हणत होता, “मावशी, आता खालची ओळ वाचा की.” तेवढ्यात श्रीनिवासचा फोन आला. श्रीनिवास म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, विजयाचा भाचा. “मावशी, आत्या...” एवढंच बोलून तो थांबला. मग त्याच्या बायकोनं फोन घेतला आणि सांगितलं. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली, रिक्षा दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. ऐकताना मी ते झाकण तसंच डोळ्यावर धरून बसले होते. दुकानदारानंच हलक्या हातानं ते काढून घेतलं, पाणी आणून दिलं. आज त्याला महिना होऊन गेला, तरी विजयाविषयी भूतकाळात लिहिताना हात अडखळतो.

आमची ओळख कॉलेजातली. मी केम गावाहून शिकायला आलेली, हॉस्टेलवर राहणारी, बुजरी. ती सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकराची मुलगी. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हीकडे प्रश्नच प्रश्न. तिचे वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे. त्या टॉवेलांच्या गठ्ठ्यावर ‘टर्किश टॉवेल’ असं छापलेलं असे. “नान्ना, विणता तुम्ही, सूत इथलं, माग इथला, मग टर्की कुठनं आली मध्येच?” असं तिनं लहानपणी वडिलांना विचारलं होतं. ते म्हणाले, “व्यापारी लिहितेत तसं. तू अभ्यास कर.” अभ्यास तिनं केला, महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवत निवृत्त झाली, पण तो प्रश्न काही तिनं सोडला नाही. कारखानदारांना विचारलं, इतिहासाच्या मास्तरांना विचारलं. कुणी काही, कुणी काही सांगे. विजयाचं समाधान व्हायचं नाही. “जाऊन बघायला पाहिजे,” ती म्हणायची. आम्ही हसायचो. लग्न तिनं केलं नाही. त्याचं कारण विचारणाऱ्यांना “सवड मिळाली नाही,” म्हणायची, आणि ते खरंच वाटायचं.

माझे यजमान वारल्यावर मी घरात बसले. बँकेतली नोकरी संपली होती, मुलगा बेंगळुरूला. भाजी आणायलासुद्धा शेजारणीला सोबत घेऊन जायचे. विजया एक दिवस आली, उभ्या उभ्याच म्हणाली, “टर्कीला जायलोय आपण.” मला वाटलं, एखाद्या टूरबरोबर असेल. तर म्हणाली, “टूर नाही. आणि बरोबरपण नाही. तू इस्तंबूलला उतर, वरनं खाली ये. मी समुद्राकडनं उतरते, खालनं वर येते. मध्ये डेनिझली म्हणून गाव आहे, टॉवेलांचं. तिथं भेटू.”

“अगं, मग एकत्रच जाऊ की.”

“एकत्र गेलो तर सोलापूरच घेऊन फिरू दोघी. तुला काय दिसलं, मला काय दिसलं, हे सांगायला काही उरायला नको का?”

मुलानं विरोध केला, मग विजयाशी फोनवर बोलला आणि मुकाट्यानं तिकीट काढलं. ती त्याला काय म्हणाली हे त्यानं मला आजतागायत सांगितलेलं नाही.

इस्तंबूलला पोचले आणि दुसऱ्याच दिवशी माझा धीर सुटला. हॉटेलच्या खोलीबाहेर पडावंसंच वाटेना. खिडकीतून खाली चढाची गल्ली दिसायची, मांजरं दिसायची, माणसं हसत बोलत जायची आणि त्यातलं एक अक्षर कळायचं नाही. मी विजयाला फोन लावला. रडतच म्हटलं, “मला घ्यायला ये. नाहीतर मी परत जाते.” पलीकडून समुद्राचा आवाज येत होता. “घ्यायला येणार नाही,” ती म्हणाली. “खाली उतर. त्या गल्लीत मांजराला खायला कोण घालतंय तेवढं बघून ये आणि मला सांग.”

राग आला. एवढ्या वर्षांची मैत्रीण, आणि मांजर बघ म्हणते! पण त्या रागातच चपला घातल्या. मांजरांना एक न्हावी खायला घालत होता. त्यानं “मेरहाबा” असा तिथला नमस्कार करून मला खुर्ची दिली, छोट्या पेल्यात चहा दिला. मी परत वर आले ती दिवेलागणीला. विजयाला सांगायला माझ्याकडे इतकं काही होतं, की फोनवर सांगायचं नाही असं मीच ठरवलं. भेटल्यावर सांगेन...

डेनिझलीचा प्रवास बसनं केला. बसमधला पोरगेला सेवक बाटली घेऊन आला, सगळे ओंजळ पुढं करू लागले, मीही केली. त्यानं हातावर पाणी घातलं आणि मी देवळातल्या सवयीनं तीर्थ म्हणून ओठाला लावलं. ते निघालं लिंबाचं अत्तर! शेजारच्या म्हातारीनं कपाळाला हात लावला, मग पर्समधून गोळी काढून माझ्या तोंडात घातली. पुढं प्रवासभर ती माझा हात धरून बसली होती.

स्टँडवर विजया उभी होती. पायात बूट, अंगावर नेहमीची सुती साडी, डोक्याला तिथल्या बायकांसारखा रुमाल. मला वाटलं, धावत येऊन मिठी मारेल. तिनं लांबूनच विचारलं, “तीर्थ प्यालीस का?” तिनंही तेच केलं होतं! भर स्टँडवर आम्ही दोघी पोट धरून हसलो. परक्या मुलखात ओळखीचा चेहरा दिसला की काय होतं, हे मला तेव्हा कळलं. ती रोजचीच विजया होती, आणि तरी मी तिला पहिल्यांदाच बघत होते.

दुसऱ्या दिवशी जवळच्या बुल्दान गावी गेलो. तिथं घराघरांत माग आहेत. एका दारातून खडखडाट ऐकू आला तशी विजया न विचारता आत शिरली. आत एमिने नावाची आमच्याच वयाची विणकर बाई होती. भाषा कुणाचीच कुणाला येत नव्हती. मध्येच मागावरचा धागा तुटला. एमिने उठायच्या आत विजयानं दोन टोकं धरली, चिमटीत फिरवली, गाठ मारली आणि तिच्याकडे बघितलं. एमिनेनं गाठ निरखली. मग तिनं स्वतः एक धागा तोडला, सावकाश गाठ मारून दाखवली. हुबेहूब तीच. दोघी एकमेकींच्या बोटांकडे बघत राहिल्या, मी दोघींकडे.

चहा झाल्यावर विजयानं मोबाइलवरच्या भाषांतराच्या सोयीनं आयुष्यभराचा प्रश्न विचारला. तुम्ही याला टर्किश टॉवेल का म्हणता? एमिनेनं ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि उत्तर बोलून दाखवलं. पडद्यावर मराठी उमटलं, “आम्ही टॉवेल म्हणतो.”

विजया खुर्चीत मागं रेलली. “घ्या! नान्नांनी पण एवढंच सांगितलं असतं की,” म्हणाली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. इतका लांबचा प्रवास करून उत्तर मिळालं नाही, आणि तिला इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती.

संध्याकाळी गच्चीवर बसलो असताना मी विचारलं, “त्या दिवशी मी खरंच परत गेले असते तर?”

“तर मी पण आले असते की मागनं.” मग म्हणाली, “पण तुला न्यायला मी इस्तंबूलला आले असते ना, तर पुढं सगळीकडे तू माझ्या मागं मागं चालली असतीस. मला पाठीमागं कुणी नको होतं. समोरून येणारं कुणीतरी पाहिजे होतं.”

पुढं तिनं वरचा रस्ता धरला, मी खालचा. स्टँडवर मीच तिला म्हटलं, “जा आता, बस सुटेल.” त्या वेळी भीती वाटली नाही.

परवा श्रीनिवासनं मला बोलावून घेतलं. “मावशी, आत्याच्या मोबाइलवर दर रविवारी दुपारी एक परदेशी बाई व्हिडिओ कॉल करते. आमाला काय बोलावं कळंना. उचलतच न्हाई आमी.” मी रविवारी गेले. वरच्या मजल्यावर विजयाची खोली तशीच होती, खाटेवर घडी घातलेली चादर, भिंतीला जगाचा नकाशा. फोन वाजला. एमिने! ती दर आठवड्याला बोलायची, हे विजयानं मला कधी सांगितलंच नव्हतं. मला बघून एमिनेला आनंद झाला, मग ती माझ्या मागं कुणाला तरी शोधू लागली. मी भाषांतरासाठी माझ्या मोबाइलवर लिहिलं, “विजया गेली,” आणि तो पडदा तिच्यासमोर धरला.

ती हसली. तिचं उत्तर मराठीत आलं, “कुठे? या वेळी कोणत्या देशात?”

काय लिहू... मराठीत आपण किती सहज म्हणतो, गेली. मग मला तो दुसरा, उघडा शब्द लिहावा लागला. एमिनेनं तो वाचला आणि डोक्यावरचा रुमाल तोंडाशी धरला. शेवटी तिनं डोळे पुसले, माझ्या मागं बोट दाखवून काहीतरी म्हणाली. भाषांतर आलं, “खिडकी.”

मी खिडकी उघडली, फोन बाहेर धरला. समोरच्या घरच्या लक्ष्मीबाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी फोन पाहिला, ओल्या साडीचा पिळा खांद्यावर टाकला, आणि रोजच्या ओळखीच्या माणसाला घालावी तशी हाक घातली,

“मेरहाबा, एमिनेअम्मा! जेवण झालं का?”