वर्षाच्या आत

विस्तवावर मीठ-मोहऱ्या तडतडल्या, की मला कुंभार पिंपळगावातली निजामाच्या अमदानीतली एक दुपार आठवते. मला विमा कंपनीत अ‍ॅक्चुअरी व्हायचं होतं. कोणत्या वयाला किती माणसं दगावतात यावरून विम्याचे हप्ते ठरवायचं ते काम. त्याच्या परीक्षेचे तक्ते मी ओसरीवर मोठ्यानं घोकत होतो. हजार जन्मले तर वर्षाच्या आत किती जातात, तिथवर आलो आणि आतल्या पाळण्याची करकर थांबली. बाळंतपणाला आलेली धाकटी बहीण दारात आली. तिच्या छातीशी बाळ तापानं फणफणलं होतं. "दादा, त्या जाणाऱ्यांत माझं लेकरू हाय का, तेवढं बघ ना." मी म्हणालो, "एकेकाचं न्हाई गं लिहिलेलं यात." मी लपवतोय, असंच तिला वाटलं. आईनं बाळाची दृष्ट काढून मीठ-मोहऱ्या चुलीत टाकल्या. घरभर धूर झाला, पण कुणी खोकलंसुद्धा नाही, म्हणजे दृष्ट लागलीच होती. संध्याकाळी ताप उतरला. तरी त्यानंतर बहिणीनं बाळ माझ्याजवळ येऊ दिलं नाही. पहिल्या वाढदिवसाला मात्र तिनं ते आपणहून माझ्या मांडीवर ठेवलं. "घे दादा, झालं वर्ष." पुढं परीक्षा पास झालो, नोकरीत वरवर चढत गेलो, पण इतका हलका पुन्हा कधी झालो नाही.