जांभळ्या दिव्याखालची पट्टी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. पाकिटावरची तारीख वाचली तरी मी दूध हुंगून बघतो. कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघतो. बायको म्हणायची, "लग्नाच्या वेळी तुला माझ्या फोटोवरसुद्धा डाउट होता." होता. फोटो रिटच केलेला होता, हे नंतर सिद्धही झालं.

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत, पार्सिपनीत राहत होतो आणि मी कापडाचे रंग तपासणाऱ्या एका लॅबमध्ये नोकरी करत होतो. तिथेच या स्वभावाला साजेसा छंद मला सापडला. एका रविवारी फ्ली मार्केटमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारात, चमच्यांच्या ढिगात, रंगीत फितींची बोटभर पट्टी दिसली. विकणारा म्हणाला, कैसरच्या काळातला जर्मन रिबन बार आहे. म्हणजे सैनिकाने रोज सगळी पदकं न लावता त्यांच्या नुसत्या फिती छातीवर लावायच्या, त्याची ही पट्टी. मी ती घेतली ती फितीतल्या पिवळ्या रंगासाठी. तसा पिवळा आमच्या लॅबमध्ये कुणाला जमत नव्हता.

मग वेडच लागलं. कोणती फीत आधी, कोणती नंतर, याचे नियम होते. प्रत्येक राज्याचा क्रम वेगळा. तो क्रम कळला की माणूस बव्हेरियाचा की प्रशियाचा, हे निदान अंदाजाने सांगता यायचं. पहिल्या महायुद्धातल्या आयर्न क्रॉस या पदकाची गंमत तर याहून सोपी. प्रत्यक्ष लढणाऱ्याला काळी फीत, तिच्यावर पांढरे पट्टे. कचेरीत किंवा कोठारात बसून काम करणाऱ्याला बरोबर उलट, पांढरी फीत आणि काळे पट्टे. माणूस मेला तरी त्याची फीत चहाडी करायची, याचं मला फार कौतुक वाटे.

पण बाजारात बनावट माल उदंड. खऱ्याखोट्याची परीक्षा करायला संग्राहक अल्ट्राव्हायोलेट दिवा वापरत. अंधारात त्या जांभळ्या उजेडाखाली धरल्यावर जुना दोरा मुकाट पडून राहतो. अलीकडचा दोरा निळापांढरा चमकतो, कारण त्यात हल्लीची पांढरेपणा आणणारी द्रव्यं असतात. मी असा दिवा आणून बेसमेंटमध्ये बसवला आणि दिसेल त्या फितीला त्याच्यासमोर उभं करू लागलो. पहिली पिवळी फीत खोटी निघाली. मला वाईट वाटण्याऐवजी आनंद झाला.

त्या वर्षी आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. माझा छंद बघून तिने कपाळाला हात लावला. "मेलेल्यांच्या अंगावरचं घरात कसलं आणतोस? निदान आधी पाण्यातून तरी काढ." मी अर्थातच काढलं नाही. तडजोड म्हणून फितींचा खोका बेसमेंटमध्येच राहील, वर येणार नाही, असं ठरलं.

दोन घरं सोडून एक जर्मन म्हातारी एकटी राहायची. लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेली. आमच्या पहिल्या हिवाळ्यात, मी स्वयंपाकघरातल्या सुपलीने बर्फ काढतोय हे बघून ती स्वतःचं फावडं घेऊन आली होती आणि जाताना सफरचंदाचा केक ठेवून गेली होती. आईचं आणि तिचं विलक्षण जमलं. एकीला इंग्रजी येत नव्हतं, दुसरीला मराठी. तरी दोघी पोर्चवर बसून तासन्‌तास मटार सोलायच्या आणि हसायच्या.

माझ्या छंदाचं कळल्यावर ती म्हणाली, "माझ्या वडिलांची अशी पट्टी बटणांच्या डब्यात आहे. कोणती फीत कशाची, एवढं कागदावर लिहून दे. मुलगी नेपरव्हिलला असते, तिला फ्रेम करून पाठवायचीय. वडील दोन वर्षं आघाडीवर होते. खंदकातल्या किती गोष्टी सांगायचे मला!"

माझ्या मनात पाल चुकचुकली. आजवर मला भेटलेल्या प्रत्येक पट्टीचा मालक आघाडीवरच होता. कोठारात बसलेले सगळे गेले कुठे?

मी कामावर असताना ती पट्टी रुमालात गुंडाळून आईच्या हातात देऊन गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पट्टी मला जेवणाच्या टेबलावर दिसली. दोनच फिती, पत्र्यावर शिवलेल्या, मागे टाचणी. पहिली काळी, पांढऱ्या पट्ट्यांची. दुसरी पांढरी, निळ्याकाळ्या काठांची, बव्हेरियाची. क्रम बरोबर. पण माझे कान टवकारले. साठसत्तर वर्षांची पट्टी इतकी स्वच्छ? डब्यातला कुबट वास कुठे गेला? मी तडक बेसमेंटमध्ये गेलो आणि जांभळा दिवा लावला. पांढरे पट्टे ट्यूबलाइटसारखे लखलखले.

शनिवारी सकाळी मी पट्टी परत द्यायला तिच्याकडे गेलो. शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं की ही पट्टी युद्धाच्या काळातली नाही, बरीच नंतर बनवलेली आहे.

"म्हणजे वडिलांनी ती विकत घेतली?"

"शक्यता आहे. बरेच जण घ्यायचे."

"आणि खंदकाच्या गोष्टी?"

"त्याबद्दल मी काय सांगणार?" मी म्हणालो. पण ते मी अशा सुरात म्हणालो की सगळं सांगून झालं. तिच्या मागे भिंतीवर तिच्या वडिलांचा फोटो होता. तिने वळून त्याच्याकडे बघितलं नाही. आणि मी, आज लिहितानाही लाज वाटते, घरी येताना खुशीत होतो. कुणी मला फसवू शकलं नव्हतं.

त्यानंतर ती आमच्याकडे यायची बंद झाली. "भांडलास का तिच्याशी?" आईने दोनतीनदा विचारलं. "छे," मी म्हणालो. एकदा तिचं चुकून आमच्याकडे आलेलं टपाल द्यायला गेलो, तर भिंतीवर नुसता खिळा होता.

दोनेक महिन्यांनी आईच्या परतीची बांधाबांध चालली होती. मी फ्ली मार्केटमधून आणलेली नवी पट्टी विसरून टेबलावर ठेवली.

"उचल ती आधी," आई म्हणाली. "नाहीतर त्या बाईच्या पट्टीसारखी हीसुद्धा मलाच धुवावी लागेल."

"कोणती पट्टी?"

"अरे, तिच्या वडिलांची. तिने दिली तशी साबणाच्या पाण्यात बुडवली, जुन्या ब्रशने घासली आणि हीटरपाशी वाळवली. मेलेल्या माणसाच्या अंगावरचं तसंच कसं घरात घेणार?"

आमच्या घरच्या साबणाच्या पावडरीत तेच पांढरेपणा आणणारं द्रव्य होतं, हे मी सांगायला हवं का? तो तर माझ्या रोजच्या कामाचा विषय. उभ्या जर्मनीवर संशय घेतला, पण स्वतःच्या घरातली बादली मला दिसली नव्हती.

मी तसाच धावत तिच्याकडे गेलो. सगळं सांगितलं, माफी मागितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"तू चांगला शेजारी आहेस," ती म्हणाली. "पण माझी समजूत काढायला गोष्टी रचू नकोस."

मी घरून दिवा आणला. आमच्या मशीनमध्ये धुतलेला एक रुमाल आणला. तिच्या न्हाणीघरात अंधार करून, तो पट्टीशेजारी धरून दाखवलं की बघा, हाही चमकतो.

"दोन्ही चमकतात," ती म्हणाली. "त्यावरून माझी पट्टी धुतली होती, हे कसं सिद्ध झालं?"

संशय कसा घ्यायचा हे ती माझ्याकडूनच शिकली होती, आणि चांगली शिकली होती.

घरी येऊन मी सोफ्यावर बसून राहिलो. आईने खोदून खोदून सगळं काढून घेतलं. ऐकल्यावर ती माझ्यावर ओरडलीसुद्धा नाही. साडीवर माझं जाकीट चढवलं, पायांत सुनेचे स्नीकर्स घातले आणि म्हणाली, "चल. तिचे वडील माझ्यामुळे खोटे पडायला नकोत."

म्हातारीच्या दारात उभं राहून आईने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मग तिच्याकडून पट्टी मागून घेतली आणि बुडवणं, घासणं, पिळायचं नाही म्हणून नुसतं दाबणं, हीटरपाशी ठेवणं, सगळं हातांनी करून दाखवलं. "सांग तिला," आई मला म्हणाली, "मळकी होती म्हणून नाही धुतली. गेलेल्या माणसाची होती म्हणून धुतली. आमच्यात करतात तसं. आणि जपून धुतली म्हणावं."

मी सांगितलं. म्हातारी आईच्या हातांकडे बघत राहिली. मग तिने आईचे दोन्ही हात धरले आणि रडायला लागली. आईही रडायला लागली. मी मघाशी तिथेच राहिलेल्या दिव्याची वायर गुंडाळत उभा होतो.

तिने कपाटातून वडिलांचा फोटो काढला आणि माझ्या हातात न देता आईच्या हातात दिला. आईने तो पदराने पुसून खिळ्यावर टांगला.

काहीतरी करावं म्हणून मी खिशातून कागद काढला. पहिल्या संध्याकाळी, दिवा लावायच्याही आधी, मला जे दिसलं होतं आणि जे मी तिला सांगितलंच नव्हतं, ते लिहिलं. मग वाचून दाखवलं, "काळी फीत, पांढरे पट्टे. म्हणजे तुमचे वडील आघाडीवर होते."

तिने कागद घेतला, नीट घडी केली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

"ते मला लहानपणापासून माहीत होतं," ती म्हणाली. "मधले दोन महिने सोडून."