ताईचा ब्लॉग आणि ऑफिसचा प्रॉक्सी

ताई वाचलेल्या प्रत्येक पुस्तकावर एका फुकटच्या ब्लॉगवर लिहायची. ती गेल्यावर ते सगळं उतरवून घ्यायचं मी टाळत राहिले. तिची वाक्यं एकटीनं वाचवेनात.

मग एका दुपारी वाघोलीच्या ऑफिसात जेवता जेवता तिचं पान उघडलं, तर वर सूचना: ही सेवा आज संध्याकाळी सहाला कायमची बंद होत आहे. ऑफिस सुटून नारायण पेठेतल्या घरी पोचेपर्यंत सात वाजले असते. शेकडो पानं हातानं साठवणं अशक्य. साहेबांची परवानगी घेतली आणि एकेक पान मागून साठवणारी छोटी स्क्रिप्ट, म्हणजे चार ओळींचा प्रोग्रॅम, लिहिली.

ब्राउझरमध्ये पान दिसत होतं. स्क्रिप्टला मात्र ऑफिसचा प्रॉक्सी, म्हणजे बाहेर जाणारी प्रत्येक विनंती ज्याच्या हातून जाते तो सर्व्हर, एकच उत्तर देई: ४०७, आधी ओळख पटवा. मी प्रॉक्सीच्या पत्त्यात माझं नाव आणि पासवर्ड घातला. पुन्हा ४०७.

नेटवर्क विभागातल्या, वयानं धाकट्या मैत्रिणीला बोलावलं. तिनं स्क्रीनकडे पाहिलं.

"पासवर्ड उघडा लिहिलाय? लिफ्टमध्ये चिकटवायचा राहिला वाटतं."

"अगं, सहाला सगळं जाणार आहे."

"मग आधी तो पुसा. असं नुसतं नाव-पासवर्ड आपला प्रॉक्सी घेतच नाही. सकाळी विंडोजला लॉगिन केलंत ना, तीच ओळख ब्राउझर गुपचूप पुढे करतो. स्क्रिप्टला तसं कुणी सांगितलंय?"

कुणीच नव्हतं. तिनं सांगितलेली ओळ लिहिली, प्रॉक्सीसाठी चालू लॉगिनच वापर, आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली.

या वेळी उत्तर आलं २००, म्हणजे मंजूर. पान आलं. पाठोपाठ दुसरं. शीर्षकं भराभर वर सरकत होती. काही पुस्तकं तर मीच तिला दिलेली.

"मध्ये थोडी उसंत ठेवा," मैत्रीण म्हणाली, "नाहीतर समोरचा सर्व्हर वैतागून दार लावेल." ठेवली. उसंतीचा तो एकेक सेकंद मला जड जात होता.

सहाला थोडा अवकाश असताना शेवटचं पान उतरलं. आलंय की नाही ते बघायला मी एक फाईल उघडली. ताईनं लिहिलं होतं: "कादंबरी जाड आहे. उशी म्हणून उत्तम."

मैत्रीण खळखळून हसली आणि शेजारची खुर्ची ओढून बसली.

"पुढचं उघडा," ती म्हणाली. मी उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागले.