टेम्पो, भुऱ्या आणि मी

प्रवासातल्या गोष्टी टेम्पोच्या हौद्यातल्या कचऱ्यासारख्या असतात. कितीही झाडा, कोपऱ्यात थोडं राहतंच. कापसाची सरकी, मिरचीचं देठ, कुणाची तरी एकच चप्पल! माझ्याकडे असं बरंच साठलंय. पण मी बोलायला हळू. बोरीच्या स्टँडवरच्या हॉटेलात सांगायला बसलो, की माझं अर्धं वाक्य होईस्तोवर गंगाराम हॉटेलवाला शेवट सांगून मोकळा होतो, आणि तोही चुकीचा! म्हणून म्हटलं, लिहावं. मी चौथीपर्यंतच शिकलोय, पण कागद मध्येच तोंड घालत नाही.

हयातभर मी टेम्पो चालवला. बोरी-जिंतूर, बोरी-परभणी. कापूस, सोयाबीन, कधी लग्नाचं वऱ्हाड. जिंतूरकडच्या टेकड्या सोडल्या तर आमच्याकडे सगळं सपाट. खरा मोठा डोंगर बघायचं मनात होतं, ते राहूनच गेलं. धंदा सोडल्यावर टेम्पोवर पत्र्याचं छत चढवलं, आत बाज टाकली, गॅसची शेगडी ठेवली आणि सह्याद्रीकडे निघायचं ठरवलं.

घरात गोंधळ झाला. मुलगा बाळू म्हणाला, "आबा, ह्या वयात एकटं कुठं जायलाव? लोकं मला काय म्हणतील?"

बाळूची आई म्हणाली, "भुऱ्या संग असंल तर जाऊ दे त्यान्ला."

भुऱ्या म्हणजे आमचं राखी रंगाचं कुत्रं. तो ऐकत होताच. जाऊन सीटवर बसला.

बाळूनं शेवटी कबूल केलं, पण अट घातली. "एकदा जरी मला तुमाला आणायला यावं लागलं, तर टेम्पो इकून टाकीन!"

तेव्हापासून प्रत्येक खेपेला हीच धास्ती. खड्ड्याची नाही, घाटाची नाही, बाळूची!

*

पहिल्या खेपेला मी श्रावणात निघालो. आमच्याकडे माणूस घराबाहेर पडताना आधी पाणी भरतो. मीही मोठा ड्रम काठोकाठ भरून घेतला. माळशेज घाट एकदा उतरलो, आणि परत चढताना टेम्पो कण्हायला लागला. माणसानं ओझं घेऊन जिना चढावा तसा. वर एका गॅरेजपाशी इंजिन तापून बंदच पडलं. मला आधी बाळू दिसला, मग धूर दिसला.

मेकॅनिक पोरगेलासा होता. म्हणाला, "काका, भरलंय काय एवढं?"

"पाणी."

"कुठलं?"

"बोरीचं. परभणी जिल्हा."

त्यानं मागं बघितलं. मागच्या कड्यावरून धबधबा पडत होता. बाजूच्या कड्यावरून दुसरा. त्याच्या दुकानाच्या पत्र्यावरून तिसरा!

"आणि नेताय कुठं?"

"डोंगरात."

तो हसत हसत टायरवर बसला. म्हणाला, "ओतून द्या, गाडी आपोआप चढेल." पण पाणी ओतून द्यायला माझा हात होईना. शेवटी त्याची आई म्हणाली, "द्या हो मला, डाळीला घेते." दुपार टळली तरी डाळ शिजली नाही. म्हातारी पळी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, हे पाणी आहे का पातळ दगड?"

मी म्हटलं, "मावशी, ह्याच्यावरच आमी एवढे मोठे झालाव."

*

भुऱ्यानं ढग आधी कधी खाली आलेला बघितला नव्हता. एका सकाळी दरीतून धुकं वर आलं आणि सरळ टेम्पोच्या दारात उभं राहिलं. भुऱ्यानं त्याच्यावर भुंकायला सुरुवात केली. भुंकून भुंकून घसा बसला, पण मागं सरला नाही. उन्हं वर आली तसं धुकं हळूहळू दरीत उतरलं.

त्यानंतर दिवसभर तो माझ्याकडे असा बघत होता, जणू टेम्पो त्याच्या नावावर आहे!

*

आदिवासी वस्तीजवळ एका वडाखाली टेम्पो लावला, तर बायका टोपल्या घेऊन आल्या. पुढच्या आजीनं विचारलं, "कांदे कसे दिले?"

"आजी, मी इकायला न्हाई आलो. फिरायला आलोय."

"टेम्पो घेऊन?"

"हाव."

"रिकामा?"

सगळा जन्म भाड्यावर गेला. रिकामा टेम्पो चालवायचा म्हटलं की मलाच चोरट्यासारखं होतं. आजीनं तर दुखऱ्या जागेवरच बोट ठेवलं. वर म्हणाली, "बरं, उद्या आण मग."

मी गेलो की बाजारात! कांदे आणले, मिरच्या आणल्या, लसूण आणला. वस्तीवर माझी वाट बघायला लागले. भुऱ्या मिरच्यांच्या पोत्यावर बसून शिंकायचा आणि राखण करायचा. दोन-तीन वस्त्या धरल्या तेव्हा बाळूचा फोन आला.

"आबा, काय करायलाव? डोंगर बघायलाव ना?"

"थांब जरा. गिऱ्हाईक हाय."

*

एकदा पुण्याची मंडळी भेटली. त्यांची गाडी म्हणजे बंगलाच! आत फ्रिज, संडास, सगळं. त्यांच्यातल्या एका बाईसाहेबांना भुऱ्या फार आवडला. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला.

"काका, ब्रीड कुठली ही?"

"बोरीची."

"ओ! कुठं मिळतात?"

"बोरीत."

"महाग असतील ना?"

मी म्हटलं, "न्हाई बाई. तुमी भाकरी घेऊन बसा, ते आपलं आपण मिळतात."

गावी आल्यावर हे सांगितलं, तर गंगारामनं भट्टीपाशी झोपलेल्या खरजुल्या कुत्र्याला पायानं हलवलं. म्हणाला, "ऊठ, तोंड धू! तुला पुण्याहून मागणी येणार हाय."

*

आता शेवटचा किस्सा. हा मी हॉटेलात सांगितलेला नाही.

बाळूच्या आईचा माझ्या बोलण्यावर विश्वास नाही. मी सदा "बरं हाय" म्हणतो. पाय मोडून प्लास्टरमध्ये होतो, तेव्हाही तेच म्हणालो होतो. म्हणून प्रवासात असलो की तिचा संध्याकाळी फोन येतो आणि ती म्हणते, "तुमचं राहू द्या. भुऱ्याला द्या." मी फोन भुऱ्याच्या तोंडापाशी धरतो. तिचा आवाज ऐकून तो एकदा भुंकतो. ती म्हणते, "बरं बाबा," आणि ठेवते.

मागच्या हिवाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला भुऱ्या एका धनगराच्या कुत्रीमागं डोंगरात गेला आणि आलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, शेपूट हलवत, कानाला कुसळं चिकटवून. हे आधीच सांगतो, म्हणजे तुम्हाला घोर नको. पण मला तेव्हा ते ठाऊक नव्हतं. दिवसभर हाका मारून माझा घसा गेला होता. दिवस मावळायला आला आणि फोन वाजला.

फोनवर बाळू होता. म्हणाला, "आबा, मी घरी आलोय. पालम गावचं एक गिऱ्हाईक संग आणलंय. टेम्पो बघायचा म्हणतंय. तुमी कसे हायेत?"

"बरं हाय."

"आवाज असा का यायलाय?"

"थंडी हाय."

"आई, हे घे, स्पीकरवर टाकलंय. भुऱ्याचा आवाज आला तर ठीक. न्हाई तर मी ह्या पावण्यान्लाच गाडीत घालून सकाळी आणायला निघतो आणि टेम्पोचा सौदा तिथंच करतो!"

मग बाळूच्या आईचा आवाज आला. "भुऱ्या, ए भुऱ्या..."

मी डोंगराकडे बघितलं. कुणी नव्हतं. टोपी काढली, डोळे मिटले आणि भुंकलो.



बाळू म्हणाला, "आई... हा भुऱ्याच हाय का?"

"मग कोण? रोज ऐकती मी. मला आवाज कळत न्हाई व्हय? त्या पावण्यान्ला चहा दे जा आन लावून दे पालमला."

बाळू उठून गेल्याचं ऐकू आलं. स्पीकर बंद झाला असावा, कारण तिचा आवाज एकदम जवळ आला.

"भुऱ्या, बाबा, गुडघ्याला तेल लाव. आन आज तरी चष्मा काढून झोप."